हुकमाची वाट आणि मर्जीची वाट



आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे. आठवड्याचे सहा दिवस कोपर स्थानकावर लोकलच्या दारात एक पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली, तरी दिवस चांगला उगवला असे समजणाऱ्यांपैकी आम्ही एक. सातव्या दिवशी माणसाने घरी बसावे, चांगलेचुंगले खावे, दुपारी ताणून द्यावी. आमचे मात्र उलटे आहे. महिन्यातून एक रविवार तरी आम्ही पहाटे पाठीला पिशवी लावून त्याच फलाटावर उभे असतो. सोबत विहारातले पाच-सात जण, कधी आमच्या सहचारिणी, कधी चिरंजीव. जायचे कुठे, तर डोंगरात.

कोपरचे स्थानक दोन मजली आहे. खालून मुंबई-कल्याण मार्ग जातो आणि वरून आडवा वसई-दिवा मार्ग. वरच्या फलाटावर सकाळी सकाळी उभे राहावे. खाडीकडून गार वारा येतो, आभाळ स्वच्छ असले तर मलंगगडाचा डोंगर दिसतो. रोज खालच्या फलाटावर घाम पुसत उभे असताना हा डोंगर तिथेच असतो, पण आपल्याला दिसत नाही. दिसायला मान वर करावी लागते, आणि नोकरीत मान वर करायची सवय मोडते.

हे वेड आम्हांला कॉलेजात असताना लागले. विहारातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हां चार पोरांना कोंडाण्याची लेणी पाहायला घेऊन गेले. कर्जतला उतरून कोंदिवड्याच्या बाजूने चालत राजमाचीच्या पायथ्याचे जंगल गाठले. झाडीतून एकाएकी समोर उभे राहिले ते दगडातले घर. लाकडाच्या तुळया, सज्जे, जाळीच्या खिडक्या, सगळे काही, पण दगडात. दोन हजार वर्षांपूर्वीचे. तिथे एक छोटा लेख आहे, कान्हाचा शिष्य बालक याने हे केले, एवढ्याच अर्थाचा. राजाचे नाव नाही, बिरुदे नाहीत. गुरूचे नाव आणि आपले नाव. आम्ही चौघे त्या दगडावर बोट न लावता कितीतरी वेळ उभे होतो. खाली उतरताना पायात गोळे आले होते. तरी मनात एकच विचार घोळत होता, इथे आपल्याला कुणी बोलावले नव्हते, कुणी पाठवलेही नव्हते. आपण आपले आलो.

ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा आमचे वडील, आबा, गोदीतून पाळी संपवून आले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझा आजा चालून चालून मेला, अन् तू तिकीट काढून चालायला जातो?"

या एका वाक्याचे उत्तर द्यायला आम्हांला पुढे पंधरा-सोळा वर्षे लागली.

आमचे मूळ गाव घाटावर, जुन्नर तालुक्यात. आजोबा गावकामगार. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. गावात हाकारा द्यायचा, सरकारी दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला पोहोचवायचे, साहेब फिरतीवर आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले जनावर ओढायचे, आणि कुणाच्या घरी मयत झाले की त्याचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जायचे. परगावच्या लोकांनी सांगावा ऐकायचा आणि आणणाऱ्याला वेशीबाहेरून परत पाठवायचे. पायात वहाण नाही. फडक्यात भाकरी असली तर असली. हे सारे वतनाच्या नावाखाली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले ते याच जाचातून माणसे सोडवण्यासाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर आजोबांच्या टाचांना पडलेल्या भेगा भरून येण्याचे वय गेले होते. आम्ही त्यांना पाहिले ते घरातल्या एका फोटोत. खुर्चीवर बसवून काढलेला आहे. आजी म्हणत असे, खुर्चीवर बसलेला तो एकदाच.

तेव्हा आबांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने पायपीट केली, त्याला पायी चालणे म्हणजे मौज कशी वाटावी? आमच्या कितीतरी धम्मबांधवांच्या घरी आजही हेच ऐकू येते. शिकलात, नोकरीला लागलात, आता गाडीतून फिरा. डोंगरात कशाला तंगड्या तोडता?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. पुस्तकांतही शोधले. पहिला आधार मिळाला तो साक्षात तथागतांचा. त्यांच्या आयुष्यातले मोठे प्रसंग पाहा. जन्म लुंबिनीच्या वनात, संबोधी पिंपळाखाली, पहिला उपदेश मृगदायवनात, महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांच्या मधे. मधली पंचेचाळीस वर्षे बहुतेक वाटेवर. पहिले साठ भिक्खू तयार झाले तेव्हा त्यांना मठ बांधून दिला नाही, लोकांच्या हितासाठी फिरा असे सांगितले आणि एका वाटेने दोघे जाऊ नका असेही बजावले. म्हणजे चालणे हे आमच्या धम्माच्या मुळाशीच आहे. पण ते हुकमाने डोक्यावर ओझे घेऊन चालणे नव्हे.

आणि पावसाळ्यात थांबणेही आहे. भिक्खू पावसात फिरतात, कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली म्हणून वर्षावासाचा नियम झाला, असे विनयात आहे. आमच्या मंडळींनी तो आपल्यापुरता पाळायचा ठरवला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आम्ही विहारात बसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. हल्ली पहिला पाऊस पडला की सगळी मुंबई कर्जत-लोणावळ्याच्या धबधब्यांवर तुटून पडते, आणि सोमवारी तिथे प्लास्टिक आणि बाटल्यांचा खच उरतो. त्यांच्या नावाने खडे फोडत बसण्यात अर्थ नाही. आपण मात्र त्या गर्दीत नाही, एवढे समाधान आम्ही घेतो.

दुसरा आधार धर्मानंद कोसंबींचा. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस. बुद्धाच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघाला. जवळ पैसा नाही, ओळख नाही. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया करीत १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचला आणि तिथे पालि शिकला, पुढे भिक्खू झाला. १९२४ साली निघालेले त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र प्रत्येक घरात असायला हवे. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी पुण्याभोवतीचे डोंगर पायी पालथे घातले, दगडाची बारीक प्राचीन हत्यारे वेचली, आणि लेणी कुठेही कोरलेली नाहीत, ती जुन्या व्यापारी वाटांच्या कडेने आहेत, हे वाट तुडवून तपासले. वडील वाट चालून बुद्धापर्यंत गेले, मुलगा वाट चालून इतिहासापर्यंत.

आणि बाबासाहेब? डिसेंबर १९२७ मधल्या महाडच्या परिषदेनंतर ते रायगड पाहायला गेले होते. १९३४ साली सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना ते दौलताबादच्या किल्ल्यापाशी उतरले. प्रवासाची धूळ म्हणून दाराजवळच्या तलावात तोंड-हातपाय धुतले, तर तलाव बाटवला म्हणून जमाव जमला. शेवटी पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, हत्यारी शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एवढे शिकलेला माणूस, हौसेने किल्ला पाहायला येतो, आणि त्याच्या पाठीशी बंदूकवाला! म्हणून आम्ही कुठल्याही लेण्यात गेलो की आधी तिथले पाण्याचे टाके शोधतो. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे. पाणी स्वच्छ असले तर सगळे मिळून एकेक ओंजळ पितो. चिरंजीवांना यात विशेष काही वाटत नाही. वाटू नये हेच बरे.

अशा विचारांतून आमच्या मंडळींचे काही रिवाज पडत गेले. भाकरी घरून न्यायची. डोंगरातल्या माणसाला आधी रामराम, जयभीम जे काय त्याला चालेल ते करायचे आणि वाट विचारायची, कारण वाट त्याची आहे, आपण पाहुणे. खर्चाचा हिशोब वहीत लिहायचा (कारकुनाची खोड, दुसरे काय). आणि सर्वांत महत्त्वाचा रिवाज म्हणजे आपले ओझे आपण वाहायचे. दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचे नाही. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिली. आम्ही कुणाला वाहायला लावणार नाही. या नियमाचा आम्हांला फार अभिमान होता. भाषणात सुद्धा सांगत असू.

तो अभिमान नाणेघाटात उतरला.

२०१६ चा डिसेंबर. नाणेघाटला जायचे ठरले तेव्हा चिरंजीव आबांना म्हणाले, "आजोबा, आपलं गाव घाटाच्या वर ना? मग चला की." आबा तेव्हा सहासष्ट वर्षांचे. ते नाही म्हणतील असे आम्ही धरून चाललो होतो. पण ते गप्प बसले आणि शनिवारी रात्री त्यांनी आपले कॅनव्हासचे बूट काढून पुसून ठेवले.

पहाटे कोपरहून कल्याण, तिथून माळशेजकडे जाणारी एसटी. मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतरलो. समोर नानाचा अंगठा. खरोखर कुणी अंगठा उभा करून दाखवावा तसा कडा. खालून पाहताना वाटते, यातून वाट कुठून असेल? सुरुवातीला रानातून साधी पायवाट आहे, नंतर चढ लागतो आणि शेवटी दगडी पायऱ्या.

फाट्यावर एक ठाकर तरुण भेटला. वीस-बावीस वर्षांचा. वाट दाखवू का, सामान घेऊ का, असे विचारू लागला. आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, "वाट दाखवा, पण सामान आमचं आम्ही नेतो." आबांची पिशवी आम्ही आपल्या पिशवीवर चढवली. तासाभरात आमची दमछाक झाली. आबा पुढे आणि आम्ही मागे, अशी पाळी आली. तो तरुण हात हलवीत चालला होता आणि दर दहा पावलांनी मागे वळून पाहत होता.

आबा एका दगडावर बसले. म्हणाले, "दे त्याला ती पिशवी."

आम्ही म्हणालो, "आबा, आपला नियम आहे."

"कसला नियम?"

आम्ही सांगितला. आजोबांचे नाव घेऊन सांगितला. आबांनी सगळे ऐकले. मग त्या तरुणाला विचारले, "किती घेतो वरपर्यंत?" तो म्हणाला, "द्या शंभर-दोनशे, सीझन नाही सध्या." आबा आमच्याकडे वळले. "तुझ्या आज्याला कुनी इचारलं न्हाई का किती घेतो. नगं म्हनायची सोय नव्हती. ह्यो इचारतोय, भाव सांगतोय, पटलं न्हाई तर जाईल निघून. तू त्याला नगं म्हनून कुनाचं भलं करतो? त्याच्या दिवसाचं गेलं ना." थोडे थांबून म्हणाले, "मी गोदीत तीस वर्सं पोती वाह्यली. ती काय येठ होती व्हय? त्याच्यावर तू बी. कॉम. झाला."

आम्ही निरुत्तर झालो. सामाजिक कार्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला वेठ आणि मजुरी यांतला फरक डोंगराच्या अर्ध्यात बसून ऐकावा लागला. आम्ही ओझ्याचा तिरस्कार करीत होतो. आबांना ओझ्याचे काही वाटत नव्हते, त्यांचा राग सक्तीवर होता. पिशव्या त्या तरुणाकडे गेल्या. तो खुश झाला आणि मग त्याची जीभ सुटली. कुठल्या झाडाचा डिंक निघतो, बिबट्या कुठे पाणी पितो, सगळे सांगत सुटला. आमच्या चिरंजीवांना इतकी माहिती आमच्याकडून कधी मिळाली नव्हती.

वर लेणे आहे. तीन बाजूंना बसायला दगडी ओटे आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख. सातवाहनांची राणी नागनिका हिचा. यज्ञ किती केले आणि दक्षिणा काय काय दिली याची ती यादी आहे. गाई किती, घोडे किती, हत्ती किती, नाणी किती. आकडे सुद्धा आहेत, आणि आकड्यांच्या इतिहासात या भिंतीला मोठा मान आहे. कारकून माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब भिंतीवर पाहून आनंद होणारच. मात्र या खिंडीच्या पायऱ्या ज्यांनी फोडल्या त्या पाथरवटांना काय मिळाले, याचा आकडा त्या यादीत नाही.

आम्ही चिरंजीवांना दुसरा एक लेख सांगितला. तो इथला नाही, बोरिवलीच्या डोंगरातल्या कान्हेरीचा. तिथे आपल्या कल्याणच्या पुष्कळ दात्यांची नावे आहेत. सोनार आहेत, व्यापारी आहेत. त्यात कल्याणच्या एका लोहाराने पायवाट दान दिल्याचा लेख आहे. लेणे नाही, टाके नाही, फक्त वाट. हातोडा चालवून पोट भरणाऱ्या माणसाला सुचले की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला बरे पडावे. हा आमच्या कोपरपासून दोन-तीन स्थानकांवरचा माणूस. राणीची यादी मोठी खरी, पण आम्हांला जवळचा वाटतो तो हा लोहार.

लेण्याच्या वर अरुंद खिंड आहे आणि ती ओलांडली की मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकीत असे सांगतात. आम्ही फोटो काढण्यात गुंतलो होतो. आबा दिसेनात म्हणून वळून पाहिले, तर ते खिंडीच्या तोंडाशी परत जाऊन खाली कोकणाकडे पाहत उभे होते.

जवळ गेलो तेव्हा आपणहून बोलू लागले. "बहात्तरच्या दुस्काळात मी ह्याच वाटंनं उतरलो. खडीच्या कामावर होतो, ते बी बंद पडलं. एसटीला पैसं नव्हतं. म्हनलं, चालत कल्यान गाठू."

आम्हांला हे माहीत नव्हते. आबा मुंबईला एसटीने आले असे आम्ही जन्मभर समजत होतो.

"आजा हितपर्यंत आला व्हता घालवायला. गावापास्नं. मी म्हनलं, तू कशाला येतो, तुजं पाय दुकत्यात. ऐकंना. हितं ह्या दगडापाशी उभा ऱ्हायला. मी खाली रानात शिरलो तवर दिसत व्हता. हाक न्हाई मारली, काय न्हाई. नुसता उभा." मग आबांनी हाताने एक जागा दाखवली. "हितं."

आम्ही त्या जागेकडे पाहिले. दगड होता, वारा होता, आणि लांब खाली मुरबाडकडचा मुलूख धुरकट दिसत होता. आजोबांना त्या दिवशी कुणी पाठवले नव्हते. डोक्यावर दप्तर नव्हते, सांगावा नव्हता. आपल्या पोराला निरोप द्यायला ते आपल्या मर्जीने चालत आले होते आणि तसेच परत गेले होते. आम्हांला आजोबांची म्हणून जी काही चाल ठाऊक होती, ती सगळी हुकमाची. ही एक कुणी सांगितली नव्हती. चिरंजीवांनी त्या दगडावर हात ठेवला आणि तिथून खालची वाट दिसते का ते वाकून पाहिले. झाडीमुळे फारशी दिसत नाही.

भाकऱ्या तिथेच खाल्ल्या. तरुणालाही वाढल्या. आबांनी त्याला गावाचे नाव सांगून विचारले, इथून आता रस्ता झाला का? तो म्हणाला, वरून घाटघरला गाडी येते आता, जुन्नरपर्यंत जाते. आबा म्हणाले, "गाडीनं नगं. येकदा चालत जाऊ." हे ते कुणाला म्हणाले ते कळले नाही, पण चिरंजीवांनी मान डोलावली.

उतरायला आबांना चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. गुडघे. शेवटच्या टप्प्यात त्या तरुणाने त्यांचा हात धरला होता. फाट्यावर आम्ही त्याला तीनशे रुपये दिले. त्याने मोजून खिशात घातले आणि पुढच्या वेळी आधी फोन करा, म्हणून नंबर दिला.

एसटीत जागा मिळाली. आम्ही सवयीप्रमाणे वही काढून दिवसाचा खर्च लिहू लागलो. लोकल, एसटी, चहा, केळी. तीनशे रुपये कुठल्या सदरात घालावेत हे कळेना, कारण आमच्या वहीत तसे सदरच नव्हते. शेवटी नवी ओळ आखली आणि 'हमाली' असे लिहिले.

आबा खिडकीशी डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत असे वाटले. पण त्यांनी एक डोळा उघडून वहीत पाहिले.

"मजुरी लिही," म्हणाले, "अन् त्याचं नाव बी घाल."